स्तनाचा कर्करोग : स्त्रीचा, पुरुषाचा आणि कुळाचा

(वाल्डॉर्फ येथे रविवारी दुपारी झालेल्या भाषणाचा, ध्वनिमुद्रणावरून उतरविलेला मजकूर)



आजचा विषय कळल्यावर आपल्यापैकी काही पुरुषांना असे वाटले असेल की हे भाषण बायकांसाठी आहे, आपण मागे बसून चहाची व्यवस्था पाहावी. त्या मंडळींना मी आग्रहाने पुढे बोलावून घेतले आहे. स्तनाचा कर्करोग हा स्त्रियांचा आजार आहे, हे वाक्य बहुतांशी खरे आहे; परंतु जे बहुतांशी खरे असते त्याच्याच आड उरलेले सत्य लपून राहते. ते उरलेले सत्य आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. हा आजार पुरुषालाही होतो, त्याच्या शरीरात तो काहीशा निराळ्या रीतीने वागतो आणि पुरुष स्वतः निरोगी राहिला तरी आजाराचा वारसा तो आपल्या मुलींना देऊ शकतो.

प्रथम प्रमाण पाहू. जर्मनीत दरवर्षी सत्तर हजारांहून अधिक स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान होते. पुरुषांची संख्या सुमारे सातशे, म्हणजे शंभरात एक. हा आकडा लहान दिसतो. पण ही सातशे घरे आहेत, आणि त्यांतील बहुतेकांनी तो दिवस उजाडेपर्यंत अशा आजाराची कल्पनाही केलेली नसते. पन्नास ते पंचाहत्तर वर्षांच्या स्त्रीला या देशात दर दोन वर्षांनी मॅमोग्राफीचे बोलावणे येते. पुरुषाला असे पत्र येत नाही, आणि इतक्या विरळ आजारासाठी सरसकट तपासणी करणे शहाणपणाचेही नाही. तेव्हा पुरुषाच्या बाबतीत पहिला पहारेकरी तो स्वतः आणि दुसरी त्याची पत्नी.

आता शरीररचना. मुलगा आणि मुलगी वयात येईपर्यंत दोघांच्या स्तनांत फारसा भेद नसतो. स्तनाग्राच्या मागे काही बारीक नलिका असतात, इतकेच. वयात येताना मुलीच्या शरीरात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके वाढतात, नलिकांना फांद्या फुटतात आणि त्यांच्या टोकाशी दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचे घोस धरतात. मुलाच्या शरीरात नलिका तशाच राहतात. घोस सहसा तयार होत नाहीत. म्हणून पुरुषाचा कर्करोग बहुतेक वेळा नलिकेत उगम पावतो. घोसांशी संबंधित प्रकार त्याच्यात फार दुर्मीळ आहे. शिवाय पुरुषाच्या छातीवर ऊती थोडी असल्याने गाठ त्वचेच्या आणि स्नायूच्या अगदी जवळ असते. ती हाताला लवकर लागावयास हवी. परंतु त्याच कारणाने ती त्वचेला लवकर चिकटते आणि उशीर झाल्यास काखेतील ग्रंथींपर्यंत पोहोचते.

दुसरा भेद संप्रेरकांचा. स्तनाच्या कर्करोगाच्या अनेक पेशींवर इस्ट्रोजेन ओळखणारे ग्राहक असतात. कुलपात किल्ली बसावी तसे इस्ट्रोजेन त्यांत बसते आणि पेशीला वाढण्याची आज्ञा मिळते. स्त्रियांच्या गाठींपैकी सुमारे तीन चतुर्थांश किंवा किंचित अधिक गाठी या प्रकारच्या असतात. पुरुषांचे काय? अनेक देशांतील डॉक्टरांनी मिळून केलेला एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १४८३ पुरुषांच्या गाठींची तपासणी झाली आणि शंभरातील नव्याण्णव गाठींवर इस्ट्रोजेनचे ग्राहक आढळले. ज्या प्रकाराला डॉक्टर ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात, म्हणजे ज्यावर नेहमीचे तिन्ही ग्राहक नसतात, तो पुरुषांत शंभरात एकसुद्धा नव्हता. भारतातील अनेक रुग्णालयांच्या नोंदींत मात्र स्त्रियांमध्ये हा प्रकार पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक दिसतो आणि आजारही तुलनेने कमी वयात होतो. आपल्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे.

आपण विचाराल, पुरुषाच्या शरीरात इस्ट्रोजेन कोठून आले? ते असतेच. पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक चरबीत आणि इतर ऊतींत थोड्या प्रमाणात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होते. म्हणून अति स्थूलता, यकृताचे जुने दुखणे, अंडकोशांचे काही विकार आणि एक एक्स गुणसूत्र अधिक असण्याची जन्मजात अवस्था, जिला क्लाइनफेल्टर म्हणतात, यांमुळे धोका वाढतो.

संप्रेरकाचा हा संबंध वैद्यकाला फार पूर्वी उमगला होता. १८९६ मध्ये ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी बीजांडकोश काढल्यावर एका तरुण स्त्रीचा पसरलेला कर्करोग ओसरल्याचे नोंदविले. १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या फॅरो आणि अडेर यांनी पुरुषांच्या बाबतीत तसाच अनुभव सांगितला. अंडकोश काढल्यावर हाडांत पसरलेला आजार मागे हटला. आता त्या कठोर शस्त्रक्रियेची जागा बहुधा टॅमॉक्सिफेन या गोळीने घेतली आहे. ती किल्लीच्या आधी कुलपात जाऊन बसते.

येथेच स्त्री आणि पुरुष यांचा उपचार थोडा वेगळा होतो. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रीला इस्ट्रोजेनची निर्मिती थांबविणारी औषधे उत्तम लागू पडतात. तीच औषधे एकटी पुरुषाला दिली तर इस्ट्रोजेन कमी झाल्याची खबर मेंदूला लागते, मेंदू अंडकोशांना अधिक काम करण्याचा हुकूम देतो आणि औषधाचा परिणाम पुष्कळसा वाया जातो. या प्रश्नावर जर्मनीतच एक नेमका प्रयोग झाला. २०१२ ते २०१७ या काळात देशभरातील रुग्णालयांतून ५६ पुरुषांची नोंद झाली आणि तीन निरनिराळ्या उपचारपद्धतींची तुलना करण्यात आली. मेंदूचा हा हुकूम रोखणारे इंजेक्शन जोडल्यास इस्ट्रोजेन बरेच खाली येते, असे दिसले. पण लैंगिक जीवनावर त्याचा भारही पडतो, हेही दिसले. छप्पन्न माणसांसाठी जवळजवळ पाच वर्षे लागली, यावरून या विषयाचा अभ्यास किती अवघड आहे हे आपल्या लक्षात येईल. औषधांच्या बहुतेक मोठ्या चाचण्यांतून पुरुषांना वर्षानुवर्षे वगळले गेले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये पुरुषांना चाचण्यांत सामील करून घ्यावे, असे मार्गदर्शन प्रसिद्ध केले.

तिसरा भेद रोगप्रतिकारशक्तीचा. येथे थोडे सावधपणे बोलावयास हवे, कारण या विषयावर उत्साहाने पुष्कळ लिहिले जाते. एवढे निश्चित की सर्वसाधारणपणे स्त्रीची प्रतिकारशक्ती पुरुषापेक्षा अधिक तत्पर असते. लस टोचल्यावर स्त्रियांत बहुधा अधिक प्रतिपिंडे तयार होतात. त्याची किंमतही त्या मोजतात. प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते अशा आजारांच्या रुग्णांत स्त्रियांची संख्या पुष्कळ जास्त आहे. यामागे संप्रेरके आहेत, तशीच गुणसूत्रेही आहेत. प्रतिकारशक्तीशी संबंधित अनेक जनुके एक्स गुणसूत्रावर बसलेली आहेत. स्त्रीजवळ अशी दोन गुणसूत्रे असतात. प्रत्येक पेशीत त्यांपैकी एक निजविले जाते. पण निजलेल्यावरील काही जनुके जागीच राहतात. पुरुषाजवळ एकच एक्स असते, त्यामुळे त्याला अशी जोड मिळत नाही.

मग स्त्रीची प्रतिकारशक्ती स्तनाच्या कर्करोगाशी अधिक चांगली लढते काय? याचे उत्तर गाठीच्या प्रकारावर अवलंबून आहे. ट्रिपल निगेटिव्ह गाठीत पुष्कळदा लिम्फोसाइट, म्हणजे संरक्षक पांढऱ्या पेशी, मोठ्या संख्येने शिरलेल्या दिसतात, आणि त्या जितक्या अधिक तितका रुग्णाचा भविष्यकाळ बरा, असा अनुभव आहे. इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या गाठीत त्या सहसा थोड्या असतात. डॉक्टर अशा गाठीला ‘थंड’ म्हणतात. पुरुषांच्या गाठी जवळजवळ सर्व याच दुसऱ्या प्रकारच्या. प्रतिकारशक्तीवरील लगाम सैल करणारी जी नवी औषधे गेल्या काही वर्षांत स्तनाच्या कर्करोगात वापरली जाऊ लागली, ती मुख्यतः ट्रिपल निगेटिव्ह प्रकारासाठी आहेत. त्यामुळे पुरुष रुग्णाच्या वाट्याला ती क्वचितच येतात.

इतर कर्करोगांत याच औषधांचा गुण पुरुषांना अधिक येतो, असे मिलानच्या संशोधकांनी २०१८ मध्ये अकरा हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीवरून म्हटले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने अधिक चाचण्या एकत्र केल्या आणि त्यांना तसा ठोस फरक आढळला नाही. २०२२ मधील एका मोठ्या अभ्यासात या औषधांचे गंभीर दुष्परिणाम स्त्रियांत अधिक दिसले. यावरून स्तनाचा कर्करोग झालेल्या पुरुषाविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून कोणी आपणास ‘पुरुषांची प्रतिकारशक्ती दुबळी, अमुक चूर्ण घ्या’ असे सांगितले, तर चूर्ण त्यांच्याकडेच राहू द्यावे.

पुरुष रुग्णांचे भवितव्य मात्र खरोखरच काळजी करावी असे आहे. अमेरिकेतील नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सोळा हजारांहून अधिक पुरुष आणि अठरा लाखांच्या आसपास स्त्रिया होत्या. निदानानंतर पाच वर्षांनी स्त्रियांपैकी सुमारे ८६ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे ७८ टक्के हयात होते. या तफावतीचा मोठा भाग पुरुष उशिरा आले, आजार पुढे गेलेला होता आणि उपचार अपुरे झाले, यांनी उलगडतो. उरलेला भाग जीवशास्त्राचा असू शकेल. त्याचा शोध चालू आहे. जीवशास्त्र बदलणे आपल्या हाती नाही. उशीर टाळणे आहे.

आता मी कुळाच्या विषयाकडे येतो. आपल्या प्रार्थनेत आजारी माणसासाठी आरोग्य मागताना त्याचे नाव त्याच्या आईच्या नावासह उच्चारले जाते. तोराच्या वाचनासाठी बोलावताना मात्र वडिलांचे नाव घेतले जाते. वैद्याकडे जाताना ही दोन्ही नावे बरोबर न्यावी लागतात. आपण बहुधा एकच नेतो. ‘घरात कोणाला स्तनाचा कर्करोग होता काय?’ असे विचारल्यावर मुलगी आई, मावशी आणि आजी यांचे सांगते. आत्याचे आणि वडिलांच्या आईचे नाव तिच्या तोंडी येत नाही, कारण हा आजार आईकडून येतो, अशी तिची समजूत असते.

ही समजूत चुकीची आहे. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन जनुके पेशीतील बिघाड दुरुस्त करण्याचे काम करतात. त्यांत दोष असेल तर धोका वाढतो. पहिले जनुक सतराव्या आणि दुसरे तेराव्या गुणसूत्रावर आहे. स्त्रीपुरुषभेद ठरविणाऱ्या गुणसूत्रांवर यांपैकी एकही नाही. म्हणून दोष वडिलांकडून येतो तसाच आईकडून येतो, आणि प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. दोष असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांना वयाच्या ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. सर्वसाधारण पुरुषाला हा धोका हजारात एक इतका असतो; बीआरसीए-२ मध्ये दोष असलेल्या पुरुषाला तो शंभरात सुमारे सात. त्याशिवाय प्रोस्टेट आणि स्वादुपिंड यांच्या कर्करोगाचाही धोका वाढतो. विज्ञानाच्या इतिहासातही पुरुष रुग्णांनी वाट दाखविली आहे. १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी पहिल्या जनुकाची जागा शोधली; पण ज्या कुटुंबांत पुरुषांनाही हा आजार होता त्यांचा हिशेब त्या जनुकाशी जुळेना. दुसरे जनुक असले पाहिजे, या तर्काला त्यामुळे बळ आले.

अश्केनाझी ज्यू समाजात या दोन जनुकांतील तीन विशिष्ट दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत आणि सुमारे चाळिसांत एका व्यक्तीत त्यांपैकी एक आढळतो. यावरून दोन उलट चुका संभवतात. ‘आपण ज्यू, म्हणजे आपल्यालाही चाळिसांत एक’ ही पहिली. ‘आपण बेने इस्रायल, कोकणातले, हा त्या लोकांचा प्रश्न’ ही दुसरी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने आपल्या समाजात मध्यपूर्वेतील ज्यू पूर्वजांचा आणि भारतीय पूर्वजांचा असा दोन्ही वारसा असल्याचे दाखविले. तेव्हा अश्केनाझींचा आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू करता येत नाही, आणि केवळ त्या तीन दोषांची तपासणी करून ‘काही नाही’ असा निर्वाळाही घेता येत नाही. आपल्या कुटुंबात संशय असेल तर दोन्ही जनुकांची संपूर्ण तपासणी व्हावी, असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. ज्या घरात सून वा जावई अश्केनाझी आहे, तेथे दोन्ही कुळांचा इतिहास द्यावा. आणि शक्य असेल तेथे तपासणीची सुरुवात ज्याला किंवा जिला आजार झाला आहे त्या व्यक्तीपासून करावी. कारण तिच्यात दोष सापडला तर इतरांनी नेमके काय शोधायचे ते कळते.

आपल्या आडनावांतही एक अडचण दडलेली आहे. पेणकर, रोहेकर, नागावकर अशी आपली नावे गावांवरून पडली आणि वडिलांकडून चालत आली. लग्नानंतर आत्या दुसऱ्या गावाच्या नावाची होते. तिचा आजार तिच्या सासरच्या घरी राहतो. माहेरच्या नातवंडांना तो कळत नाही. मग काही कुटुंबे मुंबईत राहिली, काही इस्रायलला गेली, काही आपल्यासारखी येथे आली. कुळाची आठवण तीन देशांत विखुरली. ती एकत्र करण्याचे काम कोणताही डॉक्टर करू शकणार नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.

येथे एक शंका उभी राहते, आणि ती मी टाळणार नाही. ज्या भूमीवर ‘रक्त’ आणि ‘वंश’ या शब्दांनी आमच्या लोकांचा संहार झाला, त्या भूमीवर आपल्या वंशाची जनुके तपासून का घ्यावीत? २२ ऑक्टोबर १९४० रोजी याच बाडेन प्रांतातून, तसेच शेजारच्या फाल्त्स आणि सारलँडमधून, साडेसहा हजारांहून अधिक ज्यूंना फ्रान्समधील गुर्सच्या छावणीत नेण्यात आले. ही भीती पोकळ नाही. तिचा मान राखला पाहिजे. परंतु तेव्हाचा आनुवंशिकतेचा बडिवार माणसाला यादीत घालण्यासाठी होता. आताच्या तपासणीचा निर्णय माणसाच्या स्वतःच्या हाती असतो. २०१० पासून येथे लागू असलेल्या कायद्यानुसार निरोगी माणसाची अशी चाचणी समुपदेशनाशिवाय आणि लेखी संमतीशिवाय होत नाही. आरोग्य विमा कंपनी ती मागू शकत नाही. आणि निकाल जाणून न घेण्याचा हक्कही माणसाला आहे. जाणून घेतल्यास उपयोग आहे. धोका असलेल्या स्त्रीला लवकर आणि एमआरआयसह तपासणी मिळते, आणि या दोषावर नेमकी लागू पडणारी ओलापारिबसारखी औषधे स्त्री-पुरुष दोघांनाही देता येतात.

मग करावयाचे काय? पुरुषांनी महिन्यातून एकदा अंघोळ करताना छातीवरून आणि काखेतून हात फिरवावा. स्तनाग्रामागे न दुखणारी टणक गाठ, आत ओढलेले स्तनाग्र, त्यातून येणारे रक्त किंवा पाणी, न भरणारी जखम, काखेतील गाठ, यांपैकी काहीही दिसले तर आठवड्याच्या आत आपल्या हाउसआर्ट्स्टकडे जावे. पुरुषांच्या छातीवरील बहुतेक वाढ साधी असते. ती बहुधा मऊ असते, कधी दुखते, अनेकदा दोन्ही बाजूंना असते. परंतु साधी कोणती हे आपण ठरवू नये. सोनोग्राफी आणि गरज पडल्यास बायोप्सीने ते ठरते. भगिनींनी मॅमोग्राफीचे पत्र फ्रिजवर चिकटवून ठेवू नये. त्या दिवशी जावे. आणि प्रत्येक घराने एका कागदावर दोन्ही बाजूंची तीन पिढ्यांची नोंद करावी : कोणाला, कोणता कर्करोग, कोणत्या वयात. घरातील पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर ती नोंद सर्वांत वर लिहावी, कारण जनुकीय सल्ला घेण्यास तेवढे एक कारणही भक्कम असते. आपले भाग्य असे की हायडलबर्गचे विद्यापीठ रुग्णालय येथून जवळ आहे आणि कुळात चालत येणाऱ्या स्तनाच्या व बीजांडकोशाच्या कर्करोगासाठीच्या खास केंद्रांपैकी ते एक आहे. तेथील जर्मन कर्करोग संशोधन केंद्राची माहिती सेवा १९८६ पासून चालू आहे. ०८०० ४२० ३० ४० या क्रमांकावर विनामूल्य विचारता येते.

शेवटी लाजेविषयी. १८८६ मध्ये मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले, ते स्त्रियांवर स्त्री डॉक्टरांनीच उपचार करावेत म्हणून. पुरुष डॉक्टरांपुढे जाण्याच्या संकोचाने बायका आजार अंगावर काढीत आणि मरत. त्याच रुग्णालयात आपल्या समाजाच्या डॉ. जेरुशा झिराड यांनी पुढे अनेक वर्षे धुरा वाहिली. १९१९ मध्ये लंडनची एम. डी. पदवी मिळविणाऱ्या आणि १९६६ मध्ये पद्मश्रीने गौरविल्या गेलेल्या या विदुषीच्या पिढीने स्त्रियांचा तो संकोच पुष्कळसा मोडून काढला. आता उलट पाळी आहे. जर्मनीत स्तनाचा कर्करोग झालेल्या पुरुषाला बहुधा फ्राउएनक्लिनिकमध्ये, म्हणजे स्त्रियांच्या रुग्णालयात, जावे लागते. प्रतीक्षाकक्षात तो एकटाच पुरुष असतो. नाव पुकारले की परिचारिका त्याच्या पत्नीकडे पाहते. हा प्रसंग अवघड आहे, पण जीव जाण्याइतका नाही. आणि जीव वाचविण्यासाठी, पिकुआह नेफेशसाठी, आपल्या धर्माने शब्बाथसुद्धा बाजूला ठेवण्याची आज्ञा दिली आहे. जेथे शब्बाथ वाट मोकळी करून देतो, तेथे आपल्या संकोचाने आडवे येऊ नये.

आपल्या सर्वांच्या घरी आरोग्य नांदो. जे आजारी आहेत त्यांना रफुआ शलेमा, पूर्ण बरे वाटणे, लाभो. आमेन. शालोम.